नमुना क्रमांक एक्केचाळीस

कोलशेतच्या धक्क्यावरून निघताना
हसुराम वैती इंजिन चालू करत नाहीत.
"अंड्यांना कुठं कान असतात," मी म्हणते.
"त्यांना नसतील गो. मना सवय हाय."
वल्हं गाळात रुततं, सुटतं,
होडी सरकते.

अष्टमी. भांगाची भरती, पाण्याला घाई नाही.
कल्याणकडून आलेलं गोडं, वसईकडून आलेलं खारं
काशेलीच्या पुलाखाली एकमेकांत शिरतं,
आणि त्या दोघांत
कुठल्याशा नाल्याचा जांभळा.
वरून टेम्पो जातात. त्यांची थरथर
खांबांतून उतरत पाण्यापर्यंत येते.

मी जाळी सोडते, मलमलीहून बारीक.
दहा मिनिटं, मोजून.
तळाच्या बाटलीत साठतं ते असं:
थर्माकोलचे मणी, कोळंबीची पोरं,
शाम्पूच्या पुडीचा एक कोपरा,
आणि काचेचे काही ठिपके,
ज्यांच्यापुढे साबुदाणा म्हणजे डोंगर.

हसुराम चष्मा कपाळावर चढवून बघतात.
साठ वर्षं मासा ओळखला तो
पाण्याच्या सुरकुतीवरून, आसूच्या ओढीवरून,
काळोखात नुसता हात लावून,
काटा कुठं टोचला त्यावरून.
"याला ना खवला, ना काटा.
कसा वलखायचा?"

आमची आत्या गाबोळी तळायची,
तांदळाच्या पिठात घोळवून, लसणीवर.
एका घासात किती हजार जीव गेले
ते तेव्हा कोण मोजत होतं.
आता मी एकेक अंडं चिमट्यानं उचलते,
नळीत घालते, नंबर देते
आणि चुरडते.
ओळखायचं तर चुरडावं लागतं.
हे हसुरामना अजून सांगितलेलं नाही.

वाशीला, प्रयोगशाळेत,
यंत्र तापतं, निवतं, तापतं.
पंचाण्णव अंश. बावन्न. बाहत्तर.
पुन्हा पंचाण्णव.
पस्तीस फेऱ्या घातल्यावर
पडद्यावर उमटते चारच अक्षरांची लिपी,
काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही,
साडेसहाशे अक्षरं एका दमात.

सतरा बोयी.
नऊ खरब्या. तेरा निवट्या.
एक जिताडा, नुकतेच डोळे फुटलेला.
(जिताडा! मी खुर्चीवरून उठलेच.
त्या जांभळ्यातून, त्या खांबांमधून.)

आणि एक्केचाळीस: जुळणी नाही.

पुन्हा चालवलं. जुळणी नाही.
जवळात जवळचं नातं चुलत घराण्यातलं, तेही लांबचं.
नाव लिहून बरणीत ठेवलेला असा एकही मासा नाही
ज्याच्यापुढे ही अक्षरं धरून म्हणावं,
घ्या, तुमचंच लेकरू.
म्हणजे आई आहे.
काल रात्री होती, पुलाच्या आसपास,
अंडं काही आभाळातून पडत नाही.
फक्त तिला कुणी पाहिलं नाही,
किंवा पाहिलं, कापलं, खाल्लं
आणि सांगायला इथवर कुणी आलं नाही.

नाक्यावर पदीबाई कोयत्यावर बोय साफ करत होत्या.
मी विचारलं, पूर्वी यायचे आणि आता येत नाहीत
असे कोण कोण?
खवलं चिकटलेली बोटं त्यांनी मोडली:
"भिंग. वाव. काळुंद्र आते कमीच.
आनि ती गो, पोटाशी पिवली.
वरसाला एक डाव यायची.
माजी सासू तिला पाहुनी बोलायची."

तक्त्यात 'प्रजाती' नावाचा रकाना आहे.
तिथे मी पेन्सिलीनं लिहिलं: पाहुणी,
पुढे प्रश्नचिन्ह.
दुसऱ्या दिवशी साहेबांनी खोडलं.
मी पुन्हा लिहिलं, जरा फिकं.

अमावस्येच्या उधाणाला परत होडीत.
"गावली तर तुला देतो," हसुराम म्हणाले,
"पन अर्धी. शेपटाकडची आमची."
मी हसले.
मग वल्हं थांबवून त्यांनी विचारलं,
"आनि त्या एकचालीसला
परत पान्यात सोरलंस ना?"

पुलावरून एक टेम्पो गेला.
मी दोराची गाठ सोडवू लागले.
दहा मिनिटं, मोजून.